कुलपाचा फोटो

तो फोन मी घेतला तेव्हा लोक फोन घेताना कॅमेरा कसा आहे हे विचारायला नुकतेच लागले होते, आणि बोटाने पडदा चाळायचे फोन अजून ज्याच्या त्याच्या हातात आले नव्हते. पुढचा भाग वर सरकवला की खालून आकड्यांची बटणं निघायची. मागे भिंग, आणि भिंगावर त्याचं स्वतःचं सरकतं झाकण. झाकण खाली ओढलं की खट् असा आवाज व्हायचा आणि कॅमेरा चालू. दुकानदार म्हणाला होता, हा कॅमेराच समजा, फोन वरून फुकट. मला तेच हवं होतं. मकरपुऱ्यात पंपांच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळते. वाकडा, फुटका, गंजका माल आला की ट्रकवाला समोर असतानाच फोटो काढायचा, म्हणजे नंतर वाद नाही. त्या फोनने माझे पुष्कळ वाद मिटवले.

मग सगळ्यांसारखा मीही टच फोन घेतला आणि हा बाबांना दिला. बोलायला त्यांच्याकडे एक साधा बटणांचा फोन होताच, त्यामुळे याच्यात सिमकार्ड कधी घातलंच नाही. हा नुसता फोटोंसाठी. नवीन फोन घेऊन देते म्हटलं तर त्यांनी नको सांगितलं. ते आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे इन्स्ट्रक्टर होते. जन्मभर कानस चालवून बोटांची टोकं इतकी टणक झालीत की टच फोनला ती माणसाची वाटतच नाहीत. "दाबलं की दाबल्याचं कळलं पाहिजे," असं ते म्हणायचे. या फोनचं बटण दाबल्याचं कळायचं.

बाबा दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर राहायचे. आई गेल्यापासून एकटे. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, आणि त्या फौजेतलं आमच्या घरात काय उरलं असेल तर बाहेर पडतानाची तपासणी. गॅस, नळ, मागची खिडकी, दिवे, मग कुलूप. कुलूप दाबून लागणारं. कोयंड्यात अडकवून दाबायचं राहिलं तर ते नुसतं लटकत राहतं आणि लांबून लागल्यासारखंच दिसतं. म्हणून आमच्याकडे कुलूप लावलं की ते धरून जोरात ओढून बघायची पद्धत. डोळ्यावर विसंबायचं नाही, हाताने बघायचं, हे बाबांनी ट्रेडच्या पोरांना शिकवलं तसं आम्हालाही. लहानपणी आम्ही सुट्टीत कुठे निघालो की चौघंही एकेकदा ओढून जायचो. सगळा जिना वाजायचा.

आई गेल्यावर बाबांचं ओढणं वाढलं. ओढून खाली उतरायचे, सूरसागरापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. ओढलं ते आज की काल, एवढंच त्यांना नक्की आठवायचं नाही. गुडघे दुखत असताना दोन मजले पुन्हा चढायचे. एकदा मी पोचले तेव्हा पायरीवर बसून धापा टाकत होते, रिकामी पिशवी मांडीवर.

मी म्हटलं, "बाबा, कुलपाचा फोटो काढत जा. रस्त्यात शंका आली की बघायचा आणि पुढे जायचं."

"म्हणजे ट्रकवाल्यांवर नाही तसा माझ्यावरही विश्वास नाही तुझा."

"ट्रकवाल्यांवर आहे. फोटो मी माझ्यासाठी काढते."

त्यांना ते पटलं. मग गॅसच्या बटणांचाही फोटो निघायला लागला, मग नळाचा. तपासणी सगळी फोनात गेली. कल्पना वाईट होती असं मला आजही वाटत नाही. त्यांचं परत फिरणं थांबलं. खंडेराव मार्केटला पोचले की ते आधी एका कडेला उभे राहायचे, फोन काढायचे, बघायचे, मिटायचे आणि भाजी घ्यायला लागायचे. भाजीवाली गुजरातीत विचारायची, "काका, रोज कोनो फोटो जुओ छो?" बाबा कुलपाचं खरं सांगायचे, "ताळानो." ती हसायची. तिला वाटायचं, काका सांगत नाहीत.

असं पुष्कळ दिवस चाललं. मधे पावसाळ्यात फोनची बॅटरी फुगली, तेव्हा बाबा लहरीपुऱ्यात जाऊन दुसरी घेऊन आले. फोनात जागा उरली नव्हती म्हणून तोवरचे सगळे फोटो मी तेव्हाच पुसून दिले. ती किंचित सैल होती. त्यांनी कागदाची घडी घालून बसवली आणि मला कौतुकाने दाखवली. तरी झाकण जोरात ओढलं की कधी कधी फोन बंद पडायचा आणि पुन्हा चालू करावा लागायचा. चालू होताना तो तारीख आणि वेळ विचारायचा. बाबा काही न भरता बटण दाबून पुढे जायचे. मी एकदा म्हटलं, भरा की. तर म्हणाले, "घड्याळ भिंतीवर आहे, कॅलेंडर दारामागे आहे. याला कशाला सांगायचं?" मी हसले आणि सोडून दिलं.

संक्रांतीचं, पतंगांचं उत्तरायण होऊन गेलं होतं. गच्चीवरचे मांजे अजून जिन्यात लोंबत होते. दुपारी मी कारखान्यात असताना खालच्या बेनचा फोन आला. या बेन पहिल्या मजल्यावर राहतात, माझ्याच वयाच्या आहेत, आणि आईच्या आजारपणापासून आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. म्हणाल्या, "बेन, काकानुं ताळुं खुल्लुं लटके छे. काका घरमां नथी. में दबावी दीधुं."

संध्याकाळी मी परस्पर दांडिया बाजारात गेले. बाबा चहा करत होते.

"आज कुलूप उघडं राहिलं होतं म्हणे."

"कोण म्हणे?"

"खालच्या बेन."

"शक्य नाही." त्यांनी खिशातून फोन काढला, पुढचा भाग वर सरकवला, बटणं दाबून फोटो शोधून माझ्यासमोर धरला. "हे काय आहे?"

फोटो जवळून काढलेला, अगदी स्पष्ट. कुलपाचा दांडा आत बसलेला, मधे फट नाही. वरच्या कडेला काहीतरी पिवळं. कुलूप लागलेलं होतं, यात वाद नव्हता. माझ्यासमोर एखाद्या ट्रकवाल्याने असा फोटो धरला असता तर मी सही करून मोकळी झाले असते.

"मग बेनना उघडं कसं दिसलं?"

"तेच म्हणतोय मी. मी लावलं ते लागलं. नंतर उघडलं गेलं. किल्ल्या दोन. एक माझ्या खिशात होती."

"बाबा."

"मी कुणाचं नाव घेतलंय का?"

नाव घ्यायची गरज नव्हती. मी म्हटलं, घरात काही गेलंय का? नाही. काही हललंय? नाही. मग बेन कशाला दार उघडतील आणि उघडं ठेवून मलाच फोन करतील? यावर त्यांनी फोटोच पुन्हा पुढे धरला. फोटोपुढे माझे प्रश्न पोकळ वाटायला लागले, मला स्वतःलासुद्धा. चहा निवला. शेवटी मी जे मनात होतं ते बोलून टाकलं. एकटं राहणं आता झेपत नसेल तर आमच्याकडे मांजलपूरला या. मुलगा बाहेरगावी गेल्यापासून खालची खोली रिकामीच आहे. नवऱ्याचीही ना नाही, उलट तो कधीपासून तेच सांगतोय.

"झेपत नाही असं काय झालं?"

"पुन्हा असं झालं तर?"

"एकदाही झालेलं नाही, तर पुन्हा कसलं?"

"समजा झालं तर."

त्यांनी कप विसळला, पालथा घातला. "पुराव्याने झालं तर येईन. कुणी सांगितलं म्हणून नाही. हे घर मी सांगोवांगी सोडणार नाही."

मी होकार दिला. भावाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तू तिथे आहेस, तू ठरव." पुण्याहून एवढंच येतं.

दुसऱ्या दिवशी बाबा खाली गेले आणि बेनकडून किल्ली परत घेऊन आले. भांडले वगैरे नाहीत. हे मला बेननीच नंतर सांगितलं. फार गोड बोलले म्हणे. तुम्हाला उगाच जबाबदारी, इतकी वर्षं सांभाळलीत, आता मुलीकडे ठेवतो. बेननी किल्ली देवापाशी ठेवलेली असायची. तिथून काढून दिली. मला सांगताना त्या पापड वाळत घालत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. "काकाने शुं लाग्युं, ए मने खबर छे," काकांना काय वाटलं ते ठाऊक आहे, एवढंच म्हणाल्या. मी काय बोलणार? बाबांची बाजू घेतली तर त्या चोर ठरतात, बेनची घेतली तर बाबा खोटे. मी पापडाची एक परात उचलून गच्चीवर नेऊन ठेवली आणि निघाले.

ती किल्ली माझ्याकडे आली. माझ्या पर्समध्ये, मकरपुऱ्यात. आठ-दहा किलोमीटर लांब असलेली किल्ली ही किल्ली नसतेच, हे मला कळत होतं. पण बाबांच्या अंगात असलेला हट्ट माझ्याही अंगात आहे. फोटो खोटं बोलत नाही हे मीच त्यांना शिकवलं होतं.

त्यानंतर मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. रविवारी जायचे तेव्हा डबे उघडून बघायचे, औषधाच्या पट्ट्या बघायचे. सगळं जागेवर. बोलण्यात कधी अडखळायचे, पण ते आपण सगळेच अडखळतो. एकदा मला पाहून म्हणाले, "आलात, इन्स्पेक्टरबाई? आज काय तपासणार, माझे दात?" दात नव्हते म्हणून दोघंही हसलो. घरी जाताना रिक्षात मला वाटलं, उगाच डोक्यात घेतलंय मी.

होळी तोंडावर आली होती. मी मालाची मोजणी करून घेत होते, तेवढ्यात बेनचा फोन. या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता.

"बेन, धुमाडो छे. काकाना घरमांथी. गेस में बहारथी बंध कर्यो. ताळुं मारेलुं छे. चावी तो मारी पासे नथी ने."

आमच्याकडे गॅस पाइपचा, मीटर आणि त्याखालची गॅस बंद करायची चावी जिन्यात. बेननी धूर बघितल्या बघितल्या वर धावत जाऊन ती फिरवली होती. त्या दिवशी त्यांनी तेवढं केलं म्हणून पुढचं काही झालं नाही. मी निघाले. मकरपुऱ्याहून दांडिया बाजार दुपारचा किती लांब असतो ते त्या दिवशी कळलं. बाबांच्या साध्या फोनवर रिंग वाजत होती, ते उचलत नव्हते.

पोचले तेव्हा बेन आणि वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ दाराशी पाण्याची बादली घेऊन उभे होते. मी पर्समधली किल्ली काढली. कुलूप उघडताना बेन माझ्या हातातल्या किल्लीकडे बघत होत्या. आत स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. आग नव्हती. शेगडीवर दुधाचं पातेलं, आत कोळशासारखा थर, बाहेरून अर्धं काळं. जवळच्या प्लास्टिकच्या बरणीचं झाकण वितळून बसलं होतं. बटण चालूच होतं. मी ते बंद केलं, खिडक्या उघडल्या. बेननी मला काहीही न विचारता ओटा पुसायला घेतला.

बाबा आले ते पिशवीत मेथी घेऊन. जिन्यात वास, दार उघडं, आत आम्ही. ते उंबऱ्यातच थांबले.

"कोणी उघडलं?"

"मी. बाबा, दूध गॅसवर होतं."

"नाही."

"पातेलं बघा."

त्यांनी पातेलं बघितलं. मग मेथी खाली ठेवली आणि खिशात हात घातला. मला माहीत होतं ते काय काढणार. बेनना पण माहीत होतं. त्यांनी फडकं बादलीत टाकलं आणि "हुं जाउं छुं," म्हणून खाली निघून गेल्या. हा फोटो आपल्यासमोर दाखवला जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

बाबांनी फोन माझ्या हातात दिला. गॅसची बटणं, सगळी उभी, बंद. कुलूप, लागलेलं. "मार्केटला बघितले मी. दोन्ही बघितले. मग हे कसं झालं ते तूच सांग."

मी खुर्चीवर बसले. या वेळी मी फोटो परत दिला नाही. कुलपाचा फोटो मोठा करून सरकवत गेले. वरच्या कडेचं पिवळं काय आहे ते दिसलं. झेंडू. ताज्या झेंडूचं तोरण, मधे आंब्याची पानं. मी उठून दार बघितलं. दारावर काही नव्हतं. खिळ्याला वाळका दोरा लोंबत होता. ते तोरण मीच दसऱ्याला बांधलं होतं आणि दिवाळीनंतर मीच काढून टाकलं होतं.

मी पुन्हा बसले आणि फोटोंच्या तारखा बघायला लागले. स्टोअर्समधल्या माणसाने हे आधी बघायला हवं होतं, पण फोटो इतका स्पष्ट होता की तारखेपर्यंत जावंसं वाटलंच नव्हतं. सगळ्या फोटोंच्या तारखा फोन बनवतानाच त्यात भरलेल्या पहिल्या दिवसाच्या आसपासच्या. फोन बंद पडला की त्याचं घड्याळ पुन्हा त्याच पहिल्या दिवसावर जात होतं, आणि बाबा तारीख भरत नव्हते. दसऱ्याच्या सुमाराला तो एकदा बरेच दिवस बंद न पडता चालला असणार. त्यामुळे त्या दिवसांतले फोटो फोनच्या हिशेबात सगळ्यात नवे. ते कायमचे वर. त्यानंतर काढलेला प्रत्येक फोटो कुठेतरी खाली जुन्यांमध्ये जाऊन पडत होता. बाबा मार्केटात उभे राहून रोज दसऱ्याचं कुलूप बघत होते. दसऱ्याचाच गॅस.

मी त्यांना हे सावकाश समजावलं. तोरण दाखवलं, खिळ्याचा दोरा दाखवला. त्यांना लगेच कळलं. यंत्राची गोष्ट त्यांना कधी दोनदा सांगावी लागत नाही. त्यांचा चेहरा उजळला. मला ते बघवेना. पुढे काय येतंय ते अजून मलाही माहीत नव्हतं, पण काहीतरी येतंय असं वाटत होतं.

"म्हणजे दोष फोनचा."

"तारखेचा."

"तेच ते. बॅटरीचा दोष. मी लहरीपुऱ्यातल्या त्या माणसाला सांगितलं होतं, सैल आहे म्हणून." ते उभे राहिले, खोलीत एक फेरी मारली. "म्हणजे मी बघत होतो, पण जुनं बघत होतो. माझं काही नाही यात." मग एकदम थांबून म्हणाले, "बेनला मी..." ते वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

मी फोन खाली ठेवायला गेले.

"आता आजचा शोध," ते म्हणाले. "आजचाही काढलाय मी. आठवतंय मला. आत कुठेतरी असणार. तो बघू."

"राहू दे ना आता, बाबा."

"का राहू दे? तपासायचं तर पूर्ण तपासायचं."

मी शोधायला लागले. शेकडो कुलपं, शेकडो बटणं. एकाच घराचे, एकाच अंतरावरून. मधेच एक भिंतीवरच्या पालीचा, मधेच त्यांच्याच अंगठ्याचा. बाबा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, चष्मा पुसून. मी एक एक पुढे करत होते आणि ते "जुना," "जुना," म्हणत होते. आणि मग तो आला. कडेला माझी संत्र्यांची पिशवी दिसत होती, जी मी आदल्याच दिवशी ओट्यावर ठेवून गेले होते. पिशवीच्या बाजूला शेगडी. शेगडीवर पातेलं. पातेल्याखाली निळी ज्योत, गोल, एकसारखी. एक बटण आडवं. फोटो हललेला नव्हता. दुधावर साय धरायला लागलेलीसुद्धा दिसत होती.

त्यांनी पेटलेल्या गॅससमोर उभं राहून, फोन नीट धरून, बटण दाबलं होतं आणि बाहेर पडले होते.

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. जवळ धरला, लांब धरला. खाली रस्त्यावर रिक्षावाला कुणाला तरी हाका मारत होता.

"फोकस चांगला आलाय," शेवटी ते म्हणाले.

फोन मिटून त्यांनी टेबलावर ठेवला. उठले, मोरीत जाऊन पातेलं घेऊन आले आणि हत्यारांची पेटी उघडली. मी म्हटलं, टाकून द्या ते. "जाड बुडाचं आहे, निघेल," म्हणाले. जमिनीवर फडकं पसरून बसले आणि खरवडणी घेऊन काम सुरू केलं. कडेकडेने, एका दिशेने, मधे मधे फुंकर मारत, भांड्याला ओरखडा पडू न देता. हात अजिबात चुकत नव्हते. मी मेथी निवडली. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोललो. पातेलं निघालं, तळाशी एक तपकिरी डाग तेवढा राहिला.

हात धुऊन ते म्हणाले, "किल्ली दे."

मी पर्समधून काढून दिली. ते खाली गेले. मी जिन्याच्या कठड्यापाशी उभी राहिले, पडतील की काय म्हणून. बेनचं दार उघडल्याचा आवाज आला.

"बेन, भूल मारी हती."

"शेनी भूल, काका? बेसो, चा मूकुं छुं."

"चा पछी. पहेलां आ लो."

मग आतून कपबशांचा आवाज आला. वर आले तेव्हा त्यांचा हात रिकामा होता आणि त्यांनी चहा घेतलेला होता.

"पुराव्याने झालं," ते मला म्हणाले. "कधी यायचं ते सांग."

ते हे अगदी सहज म्हणाले. इतके दिवस मी हेच मागत होते. त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. वाद घालणाऱ्या बाबांना मी ओळखते. मी म्हटलं, रविवारी. थोडे दिवस राहून बघा. ते म्हणाले, "थोडे दिवस," आणि मान हलवली, माझ्या समाधानासाठी.

रविवारी सामान फार नव्हतं. कपड्यांची एक बॅग, औषधं, गादीची वळकटी, हत्यारांची पेटी, ते पातेलं. हत्यारं कशाला, असं मी विचारलं नाही. नवरा येतो म्हणत होता, पण बाबा म्हणाले, दोन माणसांच्या कामाला तिसरा नको. गॅस मी जिन्यातल्या चावीवरही बंद केला. देवघरातले देव एका डब्यात घेतले. बाबांनी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली, नळ बघितले, मागची खिडकी बघितली. हळूहळू, जुन्या क्रमाने. मग दार ओढून कुलूप अडकवलं.

मी हातात देवांचा डबा आणि गादीची वळकटी घेऊन मागे उभी होते. त्यांनी खिशातून फोन काढला. झाकण खाली ओढलं, खट्. थोडे वाकले, दोन्ही हातांनी फोन धरून कुलपाचा फोटो काढला. झाकण मिटलं, फोन खिशात घातला आणि पेटी उचलून जिना उतरायला लागले. फोटो बघितला नाही. आता बघायचा कशाला, असं त्यांनी ठरवलं असावं.

ते वळणावर दिसेनासे झाले. मी डबा खाली ठेवला आणि कुलूप धरून ओढलं.

ते माझ्या हातात आलं.

दांडा नुसता अडकवलेला होता. मी काही क्षण ते तसंच तळहातावर धरून उभी राहिले. खालून बाबांचा आवाज येत होता. ते बेनना सांगत होते की झाडांना एक दिवसाआड पाणी पुरे, आणि बेन म्हणत होत्या की काका, झाडांची चिंता सोडा, तिथे जाऊन मुलीला फार छळू नका. बाबा म्हणाले, ती मला छळते, तुम्ही उलटं सांगताय. बेन हसल्या.

मी कुलूप पुन्हा कोयंड्यात घातलं आणि दाबलं. आवाज झाला. ओढलं. पुन्हा एकदा ओढलं, लहानपणी ओढायचो तसं, जिना वाजेल इतकं. मग डबा उचलून खाली गेले.

बाबा रिक्षात बसले होते, पेटी पायांत, पातेलं मांडीवर.

"ओढून बघितलंस?"

"बघितलं."

"लागलंय ना?"

"लागलंय," मी म्हटलं, आणि रिक्षावाल्याला मांजलपूर सांगितलं.